पांढऱ्या बोटांचा कागद

आमच्या गावात रोगाला नाव ठेवायचं काम डॉक्टरकडे कधीच नव्हतं. डॉक्टर पोचेपर्यंत गावानं रोगाचं बारसं उरकलेलं असायचं. नाव ठेवताना आधी रोगी नाल्याच्या कोणत्या बाजूला राहतो ते पाहायचं, मग लक्षणं.

शहात्तर सालच्या हिवाळ्यात पंचफुलाबाईच्या रोगाचं बारसं झालं. नाल्यापलीकडच्या बौद्धवाड्यातली ही पंचेचाळिशीची विधवा सोळा वर्षं नानाजी पाटलाच्या शेतात कापूस वेचत होती. त्या सकाळी विहिरीजवळच्या हौदात तिनं हात धुतले आणि दोन्ही हातांची मिळून सात बोटं चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी झाली. थोड्या वेळानं ती निळी पडली, मग लाल. पाटलीणबाई, म्हणजे गोजराबाई, वेचणीवर नजर ठेवायला आल्या होत्या. त्यांनी फक्त पांढरा भाग पाहिला. पुढं पाहायला त्या थांबल्याच नाहीत.

"अवं माय! रगतपिती!" असं म्हणत त्या शेताच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत, मागं सरकल्या.

संध्याकाळी नानाजींनी पारावर जाहीर केलं, "त्या बाईच्या हातचा कापूस माह्या घरात येनार नाही." पारावर बसलेल्या पाच मानकऱ्यांनी माना हलवल्या. मान हलवायला त्यांना नानाजींचं अर्धं वाक्यही पुरतं, हे तर पूर्ण होतं.

खरं म्हणजे यात सोय मोठी होती. नाल्यापलीकडच्या घरांनी छप्पन साली धम्म घेतला होता, आणि त्यांना शिवायचं नाही असं उघड बोलायला कायद्यानं बंदी होती. रगतपितीच्या, म्हणजे महारोगाच्या, रोग्यापासून दूर सरकायला मात्र कोणतं कलम आड येत नव्हतं. वीस वर्षं गिळून ठेवलेली वाक्यं लोकांनी पुन्हा बाहेर काढली, आणि तीही काळजीच्या सुरात.

पण आपल्या वाड्यातही पंचफुलाला वेगळं काही मिळालं नाही. हापशीवर लिलाबाई म्हणाली, "पंचफुला, तू सगळ्याच्या शेवटी भर वं. वाईट नको वाटून घेऊ."

"वाईट कायचं, लिला? शेवटी भराची सवय हाये आपल्याले. फक्त आतापर्यंत तूबी माह्यासंगं शेवटी उभी राहे."

लिलाबाईनं त्या दिवशी घागर अर्धीच भरून नेली, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी मात्र पूर्ण भरली, आणि पंचफुलाच्या आधीच.

पंचफुलाचा मुलगा देवमन एसटीत कंडक्टर होता. गावानं आईला रोग बहाल केला आणि त्यानं तो मुकाट्यानं घेतला, असं होणार नव्हतं. त्यानं रजा टाकली आणि तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं बारा नंबरच्या खोलीत आंबुलकर नावाच्या डॉक्टरीणबाई बसत. त्यांनी पंचफुलाच्या हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली. ती धरता येईना. तोंड उघडायला सांगितलं. दोन बोटं जेमतेम मावली. घास छातीत अडकतो का, चढण चढताना दम लागतो का, बोटांच्या टोकांना जखमा होतात का, असं एकेक विचारत त्या एका लांबलचक वहीत खुणा करत गेल्या. मग म्हणाल्या, "डोळे मिटा. बोटावर काय फिरवते ते सांगा."

"कापूस हाये," पंचफुला म्हणाली. "पन हा दुकानातला. धुतलेला. आमच्या पराटीचा असा मऊ नाही राहत."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि देवमनला म्हणाल्या, "ज्या बोटांना कापसाची जात कळते त्यांना कुष्ठरोग कसला? हा कातडी आवळणारा रोग आहे. फार थोड्यांना होतो. माझ्या वहीत तुमची आई अकरावी."

"कशानं झाला, बाई?"

"शरीरात राखणदार असतात. बाहेरचा रोग आला की त्याला पकडायचं त्यांचं काम. यांचे राखणदार घरातल्याच माणसांना चोर समजून बडवताहेत."

पंचफुलाचा सासरा गावचा जागल्या, म्हणजे रात्रीचा राखणदार, होता. ती म्हणाली, "मंग तो दारू पेऊन आला असंन."

तिचं रक्त काढून मुंबईला पाठवलं. तिथं म्हणे ते उंदराच्या लिव्हरच्या पातळ कापावर टाकतात आणि अंधाऱ्या खोलीत खास दिव्याखाली पाहतात. राखणदार बिघडलेले असले तर कापावर हिरवे ठिपके चमकतात. पंचफुलाचे चमकले. महिन्याभरानं देवमन टाइप केलेला, शिक्का मारलेला कागद घेऊन आला. रोगाचं लांब नाव इंग्रजीत होतं, आणि खाली डॉक्टरीणबाईंनी मराठीत लिहिलं होतं : हा महारोग नाही. स्पर्शाने, पाण्याने, अन्नाने दुसऱ्यास होत नाही. औषधांविषयी कागद गप्प होता. हात गरम ठेवा, थंड पाण्यात घालू नका, एवढंच.

देवमननं तो पारासमोर उभं राहून मोठ्यानं वाचला. नानाजींनी शेवटपर्यंत ऐकला, आणि म्हणाले, "नागपूरचा कागद नागपुरात चालत असंन, बावा."

पाच माना पुन्हा हलल्या. पंचफुलानं कागदाला चौकट करून घेतली आणि बुद्धाच्या तसबिरीखाली भिंतीवर ठोकून टाकली. त्यानंतर ती दुसऱ्या गावच्या शेतात वेचणीला जाऊ लागली.

पुढच्या वर्षी गोजराबाई तरुण दिसू लागल्या.

थट्टा नाही. वय पन्नास, आणि कपाळावर एक आठी नाही. गालाची कातडी तुकतुकीत, ताणलेली, शेंदूर लावून पुसल्यासारखी. गावच्या बाया ओट्यावर येऊन विचारू लागल्या, "पाटलीणबाई, कायचं तेल लावता वं?" गोजराबाई लाजायच्या आणि काही सांगायच्या नाहीत, त्यामुळे तेलाची किंमत बायांच्या मनात वाढतच गेली. एकीनं तर नवऱ्याकडे त्याच तेलासाठी हट्ट धरला. नवरा बिचारा वाशीमच्या बाजारात नाव नसलेलं तेल मागत फिरला.

मग तरुणपण जरा जास्तच झालं. तोंड लहान झालं. भाकरीचा घास आत जाईना. अंगठी बोटातून निघेना. आणि दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी आडाचं गार पाणी काढताना गोजराबाईंची बोटं पांढरी झाली. त्यांनी ती लगेच पदराखाली घेतली. आठवड्याभरात हातात लोकरीचे मोजे आले. विचारलं तर सांगायच्या, "नाजूक हात हायेत माहे. लहानपनापासून."

आता गावाची जमा-नावे पाहा. बोटं तशीच, पांढरा रंग तसाच, पाणीही एकाच नाल्याच्या काठचं. नाल्यापलीकडे ती रगतपिती, अलीकडे नाजूकपणा. आणि यात गावाला काही विसंगत वाटलं असेल, तर कोणी बोललं नाही.

नानाजींनी बायकोला नागपूरला न्यायचं ठरवलं. देवमनची गाडी टाळायची म्हणून दुपारची अकोल्याची बस धरली. बसमध्ये चढले आणि पाहतात तर तिकिटाची पेटी खांद्याला लावून देवमनच उभा. त्या दिवशी दुसऱ्या कंडक्टरची रजा होती.

"दोन अकोला," नानाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले.

देवमननं तिकिटं फाडली. त्याची नजर लोकरीच्या मोज्यांवर गेली. एप्रिल महिना होता. तो हळूच म्हणाला, "पाटीलबुवा, अकोल्याहून रेल्वेनं जा. दवाखाना सकाळी नवाले उघडते. बारा नंबरची खोली."

"मी लग्नाले चाललो," नानाजी म्हणाले.

"हो. तरी नवाले जाजा. मंग गर्दी होते."

नागपूरला सगळं तसंच झालं. चिमटी, दोन बोटं, कापूस, वही. गळ्यात तुळशीची माळ घालून कांदासुद्धा न खाणाऱ्या गोजराबाईंचं रक्त उंदराच्या लिव्हरवर टाकलं गेलं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही तेच बरं. रक्त देऊन आले, महिन्यानं पुन्हा गेले. ठिपके इथंही चमकले होते.

डॉक्टरीणबाईंनी वही उघडली आणि विचारलं, "एकाच गावच्या दोघी? अकरा नंबरच्या पंचफुलाबाई कशा आहेत?"

नानाजींनी वहीत पाहिलं. अकराव्या ओळीत पंचफुला, बाराव्या ओळीत त्यांची गोजरा. बोटं, कातडी, घास, दम, रक्त, सगळ्याला रकाने होते. एक रकाना त्यांना सापडेना.

"बाई, याच्यात जात नाही लिहत का?"

"नाही. बोटं पांढरी होतात का, ते लिहितो."

"मंग असं करा, आमच्या कागदावर जरा येगळं नाव लिहा. लहानसं. त्वचेची उष्णता वगैरे."

"पाटीलसाहेब, रोग एक, नाव एक," बाई म्हणाल्या आणि कागद पुढं केला. तो पंचफुलाच्या कागदाचा जुळा भाऊ होता.

परतताना रेल्वेनं मूर्तिजापूर सोडलं आणि नानाजींनी तो कागद चार तुकडे करून खिडकीबाहेर सोडला. त्यांची अडचण समजून घेण्यासारखी आहे. तो कागद खरा मानला, तर पारासमोर उभं राहून देवमननं वाचलेलाही खरा होता. बायकोला रोग नाही असं म्हणणं त्यांना सोपं वाटलं. बायकोला पंचफुलाचा रोग आहे असं म्हणणं नाही.

एकोणऐंशीच्या माघात नानाजींच्या मुलीचं, बेबीचं साक्षगंध ठरलं. बेबी सव्वीस वर्षांची. तिला पाहायला आलेली दोन स्थळं आईचे मोजे पाहून परत गेली होती, आणि तिसरं येईल अशी आशा फक्त बेबीनं धरली होती. मुलगा वाशीमचा, शाळेत मास्तर. त्याचे वडील जानराव कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. घरी मुलानं पाणी प्यालं की नाही हेसुद्धा ते बहुधा लेखी मागत असावेत. आई तुळसाबाई मात्र कागदापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवणाऱ्या. बेबीला मुलगा आवडला होता. साक्षगंधाच्या सकाळी ती आईला म्हणाली, "माय, मोजे नको काढू. हिव वाजते म्हन."

पण रीत आडवी आली. मुलीच्या आईनं इहिणीच्या पायावर तांब्यानं पाणी घालायचं, मग ओटी भरायची. मोजे घालून पाय कोण धुतं? गोजराबाईंनी मोजे काढले. पाणी माघातलं, आडाचं. दुसऱ्या तांब्यालाच दहाही बोटं पांढरी झाली. तुळसाबाईंनी पाय मागे घेतले.

"हे काय हाये, इहीनबाई?"

ओट्यावर चाळीस माणसं होती.

"नाजूकपना हाये," नानाजी म्हणाले.

"असा नाजूकपना मी कुष्ठधामात पाह्यला हाये," तुळसाबाई म्हणाल्या.

जानरावांनी चष्मा पुसला. "नानाजीबुवा, घाईनं बोलू नये. डाक्टरचा कागद असंन तं दाखवा."

"कागद... हाये. म्हनजे होता."

"होता चालत नाही. आमची गाडी चारची हाये. तवापर्यंत कागद आला तं सुपारी फोडू, नाही तं राम राम."

अडीच वाजले होते. आतल्या खोलीत बेबी पाटावर नवी साडी नेसून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती दारात आली आणि सगळ्यांसमोर बापाला म्हणाली, "बाबा, गावात कागद एकच हाये. कुठी हाये ते तुमाले माईत हाये."

नानाजींनी आपल्या सालदाराला, अमरसिंगला, नाल्यापलीकडे पिटाळलं. तो दहा मिनिटांत रिकाम्या हातानं परत.

"पंचफुलाबाई म्हन्ते, कागद भितीतून निंगत नाही. अन् त्यावर तिचं नाव हाये, पाटलाचं नाही. पाटलाले पाह्यजे तं पाटलानं यावं."

नानाजी पाटील नाल्यापलीकडे मतं मागायलाही कधी गेले नव्हते. मतं आपणहून यायची. ते निघाले तेव्हा जरीचा फेटा तसाच डोक्यावर होता. पंचफुला दारात तूर पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"पंचफुले, कागद दे वं. तासाभरात आनून देतो."

"काहून? नागपूरचा कागद इथी चालू लागला का?"

"पोरीचं जमून राह्यलं. तुह्या पाया..."

"पाया नका पडू, पाटील, फेटा पडंन." तिनं सूप खाली ठेवलं. "कागद मी घेऊन येतो. पन मागच्या दारानं नाही. अन् एकट्या कागदानं तुमचं भागत नाही. तुमचा इवाई कोर्टातला हाये म्हन्तात. तो इचारंन, हा रोग तोच कशावरून? तवा तुमाले बोला लागंन."

नानाजींचं तोंड उघडलं. अलीकडे गोजराबाईंचं उघडायचं त्याहून कमीच.

"बोलसान का?"

"बोलतो."

पंचफुलानं खिळा उपटला, चौकट काखेत घेतली आणि पाटलाच्या पुढं चालू लागली. नाला ओलांडून वरात पाटलाच्या दारी आली तेव्हा पाच मानकऱ्यांच्या माना कुठं वळवाव्या ते त्यांना कळेना.

जानरावांनी कागद वरून खाली वाचला, मग शिक्का उजेडात धरला. "शिक्का बरोबर हाये. पन नाव पंचफुलाबाईचं. पाटलीनबाईचा रोग हाच, याले पुरावा?"

सगळ्यांनी नानाजींकडे पाहिलं. गोजराबाईंनीही.

"हाच," नानाजी म्हणाले.

"मोठ्यानं बोला. मी लिहून घेऊन राह्यलो."

"हाच हाये! वहीत तिचा अकरावा नंबर, हिचा बारावा. दोघीचं रगत सारखंच निंगालं. मी तो कागद फाडला. झालं?"

जानरावांनी खरंच लिहून घेतलं. पंचफुलानं घमेल्यात आडाचं पाणी मागवलं, त्यात स्वतःचे हात घातले आणि म्हणाली, "या, पाटलीनबाई." गोजराबाई जवळ आल्या. दोन वर्षांपूर्वी त्या याच बाईपासून धुऱ्यापर्यंत सरकल्या होत्या. आता घमेल्यात दोघींची बोटं एकमेकींना लागली. बाहेर काढली तेव्हा वीस बोटं पांढरी होती. ओट्यावरची चाळीस माणसं वाकून पाहू लागली. पांढरी, मग निळी, मग टोकापासून लाल. यावेळी कोणी मधेच पळालं नाही.

"वेळ सारखीच लागली," जानरावांनी घड्याळ पाहून नोंद केली. "पाच पंचांच्या सह्या घ्या. हा रोग महारोग नाही, स्पर्शानं लागत नाही, हे आमाले मान्य हाये, असं."

पाच मानकऱ्यांनी सह्या केल्या. त्यात दोघांचे अंगठे. कशावर सही करतो आहोत हे त्यांना कळलं असेलही. पाटलाच्या इवायासमोर विचारायचं धाडस कोण करणार? त्या एकाच कागदानं पंचफुलाच्या माथ्यावर दोन वर्षं त्यांनीच ठेवलेला रोग त्यांनीच उतरवून घेतला होता.

तुळसाबाई मात्र हलल्या नाहीत. "सह्या चांगल्या हायेत," त्या म्हणाल्या. "पन मी पाटलीनबाईच्या हातचं पानी पेईन ते नानाजीबुवानं आधी ह्या बाईच्या हातचं पेल्यावर. लागत नाही म्हन्ता ना? मंग प्या."

हे रोगाबद्दल नव्हतं, हे पाटलाला कळलं, पंचांना कळलं, आणि तुळसाबाईंना कळलं की नाही ते आजही सांगता येत नाही. नानाजींच्या घराण्यात नाल्यापलीकडच्या हातचं पाणी कोणी प्यालं नव्हतं. कायदा आला, धम्म आला, हापशी आली, तरी नाही. दारात बेबी उभी होती.

पंचफुलानं गडव्यातून पेला भरला आणि पुढं केला. तिची बोटं अजून अर्धी निळी होती. "घ्या, पाटील. थंड हाये, मले त्रास होते, लवकर धरा."

नानाजींनी पेला घेतला. एक घोट प्याले. थांबले.

"घोटानं काय होते? सगळा प्या," तुळसाबाई म्हणाल्या.

नानाजींनी सगळा प्याला, पेला उपडा करून दाखवला. मग तुळसाबाई गोजराबाईंच्या हातचं पाणी प्याल्या, पाय पुढं केले, आणि चार वाजायच्या आत सुपारी फुटली.

माणसं पंगतीकडे वळली. पंचफुला चौकट उचलून निघाली, तेवढ्यात गोजराबाईंनी तिला चुलीपाशी नेलं. दोघी निखाऱ्यांवर हात धरून बसल्या. दोन वर्षांत गोजराबाईंनी हे कोणाला विचारलं नव्हतं. विचारायला कोणी नव्हतंच.

"तुले घास अटकते का वं?"

"अटकते. कोरडी भाकर नका खाऊ. वरनात चुरून, थोडी थोडी. अन् जेवल्यावर आडवं नाही व्हाचं, नाही तं आंबट वर येते."

"रात्री दम लागते मले."

"उशी उच्ची घ्या. मले चढावर लागते. मी मधात थांबतो अन् बोंडं मोजतो, म्हनजे कोनाले वाटत नाही थांबली म्हनून."

गोजराबाई हसायला गेल्या. ओठ ताणले गेले, पण तेवढे हलले. "हा वाढतेच का वं?"

पंचफुलानं निखारा चिमट्यानं जवळ ओढला. "डाक्टरीनबाई म्हन्ते, कोनाचा वाढते, कोनाचा थांबते. आपला काय करते ते तिलेबी माईत नाही. पुढच्या महिन्यात देवमन मले घेऊन चालला दाखवाले."

बाहेरून नानाजींचा आवाज आला, इवाई निघाले, पाटलीनबाईले बोलवा.

"थांबाले सांगा," गोजराबाईंनी आतूनच ओरडून सांगितलं, आणि पंचफुलाकडे वळल्या. "कोनत्या तारखीले जाता?"